चित्राखालचा मजकूर

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सांगतो.

विन्स्टन रॉइस नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. अंतराळयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर करण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. 1970 साली त्यांनी एका निबंधात चित्र काढलं. जिन्यासारख्या उतरत जाणाऱ्या सात चौकटी: गरजा दोन चौकटींत, मग विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. एक पायरी संपली की पुढची.

चित्र सुबक होतं. पण त्यानंतर लगेच रॉइस यांनी बजावलं होतं, की नुसतं असंच काम करणं धोक्याचं आहे, ते फसेल. कारण साधं आहे. प्रोग्रॅमला वेळ किती लागतो, मेमरी पुरते का, हे तोवर फक्त कागदावर मांडलेलं असतं. खरं काय ते चाचणीत कळतं, आणि चाचणी येते शेवटाकडे. तिथे मोठी चूक निघाली तर आराखडा मोडावा लागतो, कधी गरजाही पुन्हा लिहाव्या लागतात. खर्च दुपटीवर जाऊ शकतो.

मग करायचं काय? रॉइस म्हणाले, काम अगदी नवं असेल तर ते दोनदा करा. 30 महिन्यांचं काम असेल, तर आधी 10 महिन्यांत त्याचा छोटा नमुना चालवून बघा. ग्राहकालाही शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका, मधूनमधून बोलवा. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत भात शिजत असतानाच काढायला हवं. पंगत बसल्यावर काढून काय उपयोग?

रॉइस शिस्तीचे पक्के होते, हेही मुलांना सांगायला हवं. कागदपत्रं त्यांना भरपूर लागत. फक्त पहिल्या अंदाजावर सगळा इमला उभारायला ते तयार नव्हते.

लोकांनी चित्र उचललं, मजकूर तिथेच राहिला. 'वॉटरफॉल' हे नाव त्याला पुढे इतरांनी दिलं. 1985मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर कंत्राटांसाठी मानक काढलं, त्याचाही अर्थ बहुतेकांनी या जिन्यासारखाच लावला. कॉलेजात आम्हीही तेच चित्र काढून गुण मिळवले; मूळ निबंध कुणी उघडला नाही, मीसुद्धा नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. 2001च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअर क्षेत्रातले 17 जण जमले, त्यांचा 'अजाइल' जाहीरनामा निघाला, आणि चालतं सॉफ्टवेअर थोड्या थोड्या आठवड्यांनी हाती द्यावं हे तत्त्व लोकांच्या तोंडी बसलं. मधे 31 वर्षं गेली होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका पतपेढीचं पिग्मी वसुलीचं काम आलं. गोष्ट ऐकलेल्या एका मुलीने दोन आठवड्यांत फक्त एक स्क्रीन चालती केली आणि ती घेऊन वसुलीच्या काकांबरोबर बाजारात गेली. दुसऱ्याच दुकानाशी काका थांबले.

"ताई, नावं अआईप्रमाणे नकोत. रस्त्याने दुकानं जशी लागतात तशी लावा. आणि बटणं अंगठ्यापाशी आणा, दुसऱ्या हातात छत्री असते माझ्या."

ती तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली आणि लिहून घेऊ लागली.