ओरखड्यांची साक्ष

जुना मोबाइल एका विद्यार्थ्यास विकावयाचा म्हणून चिरंजीव त्याच्या प्लॅस्टिकच्या पाठीवरील बारीक ओरखडे टूथपेस्टने घासू लागले. ही लबाडी होय काय, असा प्रश्न आम्हांस पडला. टूथपेस्ट ओरखडा बुजवीत नाही. तीतील बारीक भुकटी भोवतालचा निर्दोष भागच झिजवून ओरखड्याच्या पातळीस आणते. वस्तू सुधारत नाही, उलट किंचित पातळ होते. नाहीशी होते ती तिच्या हाताळणीची साक्ष. आमच्या कोल्हापुरी वहाणेचे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे तेलाने उजळते, परंतु त्याचे वय लपत नाही. घर विकताना चुना लावणे कोणी पाप मानीत नाही, हा चिरंजिवांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हे. तथापि आम्ही घासणे थांबविले व किंमत दोनशे रुपयांनी उतरविली. चिरंजीव अद्याप आमच्याशी बोलत नाहीत.