झिरझिरीत झगा

फुलबाज्या लावायला जाण्यापूर्वी झिरझिरीत झगा बदल, असे मी दर दिवाळीला मुलीला सांगतो. ‘तो जाडाभरडा झगा चांगला दिसत नाही, बाबा,’ हे तिचे उत्तरही ठरलेले. अशा वेळी मला एमा लिव्री आठवते.

१८३२ साली पॅरिसच्या ऑपेरात मारी टाल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत पांढऱ्या तलम झग्यात नाचली, आणि नर्तकीने धुक्यासारखे तरल दिसावे अशी रीतच पडली. घरोघरच्या बायकाही पुढे क्रिनोलिनच्या फुगीर घेरात वावरू लागल्या. शेकोटीच्या ठिणगीने ते घेर पेटत. रंगमंचावर तर गॅसचे दिवे! म्हणून १८५९ साली नाटकाचे कपडे आग न धरणारे करण्याचा हुकूम निघाला. पण त्या प्रक्रियेने कापड ताठ नि मळकट होई. एमाने ते नाकारले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिचा झगा पेटला. आठ महिने यातना भोगून ती गेली. एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

हट्ट तिचाच, असे माझ्यातला मास्तर प्रथम म्हणाला. पण मळकट झग्यातल्या नर्तकीला टाळ्या कोणी दिल्या असत्या? सौंदर्य हवे असते खुर्चीत बसलेल्या आपल्याला. किंमत मात्र दुसऱ्याने मोजायची.

गेल्या दिवाळीत मुलगी मुकाट्याने जाड झगा घालून अंगणात आली. ‘किती छान दिसतेस गं!’ मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे एकदाही म्हणालो नव्हतो.