अप्रमाद आणि आश्रित जीव

अहिंसा म्हणजे केवळ न मारणे, की आपल्या आधाराने जगणाऱ्या जिवावर येऊ शकणारे दुःख वेळीच अडवणे हाही तिचाच भाग, हा प्रश्न पाळीव कुत्र्याच्या संदर्भात वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु उष्ण प्रदेशात कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थापुढे तो दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात मूर्त रूपाने उभा राहतो, आणि त्याचा विचार करताना जैन आचारशास्त्राने केलेले हिंसेचे विवेचन विशेष उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रमत्त योगामुळे होणाऱ्या प्राणघाताला हिंसा म्हटले आहे. येथे ‘योग’ म्हणजे मन, वाणी आणि काया यांची हालचाल, तर ‘प्रमाद’ म्हणजे रागद्वेषादी कषायांमुळे आलेली बेसावधता. या भूमिकेचा परिणाम कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात स्पष्ट दिसतो: पाहून पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत जीव सापडला तरी त्या साधूला हिंसेचा कर्मबंध लागत नाही, आणि बेफिकीर चालणारा मात्र कोणीही मेले नाही तरी हिंसक ठरतो.

त्याच सातव्या अध्यायात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ उपासकाच्या, अहिंसाव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला लागणारा डाग. आणि बांधून ठेवणे, मारणे, अवयव छाटणे, बेसुमार ओझे लादणे व अन्नपाणी रोखणे हे पाचही दोष जो जीव आपल्या ताब्यात आहे त्याच्याच बाबतीत घडू शकतात. ही यादी हवामानाशी ताडून पाहिली की तिचा अर्थ अधिक गडद होतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगी घाम येत नाही, त्यामुळे तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस हे त्याचे स्वाभाविक तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होऊ लागते. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवर साखळीने बांधलेल्या, पाण्याचे भांडे कोरडे पडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बांधून ठेवणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोन अतिचार एकाच दुपारी घडतात, आणि ते घडवणाऱ्याच्या मनात क्रूरतेचा लवलेश नसला तरी प्रमाद असतोच. दमट कोकणात तर हवेतल्या बाष्पामुळे धापेचाही पुरेसा उपयोग होत नाही, म्हणून तेथे सावलीइतकेच खेळत्या हवेला महत्त्व येते.

यावर असा आक्षेप घेता येईल की उन्हाचा त्रास किंवा रोग हे त्या जिवाच्या असातावेदनीय कर्माचे, म्हणजे दुःख भोगायला लावणाऱ्या कर्माचे, फळ असल्याने त्यात पालकाचा दोष नाही. परंतु हा युक्तिवाद मान्य केला तर तहानेने तळमळणाऱ्या जनावराचे दुःखही त्याच्याच कर्माचे ठरेल आणि पाणी रोखण्याला दोष म्हणण्याचे कारण उरणार नाही; शास्त्राने मात्र तो दोष मानला आहे. कर्मसिद्धांत दुःखाचा उगम सांगतो, पालकाला जबाबदारीतून मोकळे करीत नाही.

खरी कसोटी लागते ती गोचिडापाशी. उवा, मुंग्या आणि ढेकूण यांना जैन परंपरा त्रीन्द्रिय, म्हणजे स्पर्श, रस आणि गंध या तीन इंद्रियांचे जीव मानते, आणि गोचिडालाही त्याच पंगतीत बसवावे लागते. मग पंचेंद्रिय कुत्र्याला वाचवण्यासाठी गोचिडाचा घात करावा काय? कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड आपले बहुतेक आयुष्य अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे आणि अंथरुणाच्या घडीत काढते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते आणि उष्ण हवेत ही पिढी वर्षभर वाढत राहते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया हे पांढऱ्या पेशींत वाढणारे जिवाणू आणि बॅबेसिया हे तांबड्या पेशी फोडणारे परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतात, आणि ज्याला सर्रास ‘गोचीड ताप’ म्हणतात तो आजार त्यांच्यामुळे होतो. म्हणून ज्या पालकाने भेगा लिंपल्या, अंथरूण उन्हात टाकले, दररोज कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहिले व पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरल्या वेळी औषध दिले, त्याच्या हातून थोडे गोचीड मरतात. ज्याने ‘जीव कशाला मारा’ म्हणून दुर्लक्ष केले, त्याला पुढे घरभर फवारणी करून हजारोंचा संहार करावा लागतो आणि कुत्राही गमवावा लागू शकतो.

वेळीच काळजी घेण्याचे हेच सूत्र इतर रोगांनाही लागू पडते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही होतो, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर कुत्र्याला वाचवता येत नाही. दोन्हींविरुद्ध लस मात्र आहे. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने ६० भटकी कुत्री मारवली, तेव्हा महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’तून त्या कृतीचे समर्थन केले आणि बेवारस कुत्र्यांना तुकडे टाकून जबाबदारी टाळणाऱ्या समाजाच्या दयेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. त्यांचा निष्कर्ष अनेक जैनांना पटला नाही. पण त्या काळी भारतात कुत्र्यांना सरसकट लस देण्याची सोय नव्हती, ती आज आहे, आणि त्यामुळे मारणे की मरू देणे एवढ्याच दोन वाटांमध्ये अडकलेला तो वाद आता तिसऱ्या वाटेने पुढे नेता येतो.

तरीही या विचाराने पालक निर्दोष ठरतो असे म्हणता येणार नाही. औषधाने मेलेले गोचीड हेही जीवच होते, आणि जैन आचारात गृहस्थाच्या नित्य व्यवहारात घडणाऱ्या अशा आरंभी हिंसेची नोंद पुसली जात नाही. प्रतिक्रमणाच्या वेळी, म्हणजे घडलेल्या दोषांची उजळणी करताना, तिची आठवण ठेवावी लागते. अप्रमादाने ही नोंद कोरी होत नाही, परंतु त्या उजळणीत कोरड्या भांड्याची आणि चुकलेल्या लसीची भर पडू न देणे एवढे तरी पालकाच्या हाती राहते.