साक्षी आणि सभासद

मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहत राहतो. पाहणाऱ्याला फळाची गोडी चिकटत नाही, कडवटपणाही नाही. वेदान्ताने या अलिप्त साक्षीला फार वरची जागा दिली. पत्रकारही हळूच त्याच फांदीवर जाऊन बसतो : मी काही घडवलं नाही, दिसलं ते सांगितलं. पण पाहणारा खरोखरच कोरडा राहतो का? विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेल्या दोन चित्रपटांनी हा प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर नकारार्थी आहे, आणि मला ते पटतं.

‘कमला’ हे नाटक १९८१ सालच्या एका खऱ्या बातमीवरून सुचलेलं; पुढे त्यावर हिंदी चित्रपट निघाला. बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला जयसिंग जाधव हा पत्रकार एक आदिवासी बाई विकत घेतो, दिल्लीला आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. पुरावा बिनतोड आहे, बातमीही खरी आहे. घरात मात्र कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, अगदी सरळ मनाने विचारते की तुला कितीला घेतलं? त्या एका प्रश्नात जयसिंगचं साक्षीपण गळून पडतं. पैसे मोजणारा माणूस गिऱ्हाईक असतो, मग हेतू कितीही चांगला असो. त्याशिवाय बाजार उघडकीला आला नसता, असं कोणी म्हणेल. मान्य. पण मग ‘मी फक्त पाहिलं’ हे वाक्य त्याने सोडून द्यायला हवं. उपनिषदातल्या पक्ष्याला फळ नको असतं. जयसिंगला नाव हवं आहे, बढती हवी आहे.

जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस अधिक अवघड. निळू फुल्यांच्या या दिगूला काहीच नको आहे. मंत्री, बंडखोर, दलाल सगळे त्याच्यापाशी मन मोकळं करतात आणि तो ऐकत राहतो. इथे मला उपनिषदापेक्षा महाभारत जवळचं वाटतं. द्रौपदी सभेत प्रश्न विचारते तेव्हा विदुर पापाची वाटणी सांगतो : निंद्य कर्माची निंदा न झाल्यास निम्मं पाप सभेच्या प्रमुखाला, चौथाई करणाऱ्याला आणि चौथाई गप्प बसलेल्या सभासदांना. सभासदाने काही केलेलं नसतं. तो तिथे होता आणि त्याला कळत होतं, एवढं पुरतं.

यावर खरा आक्षेप असा, की पत्रकार निंदा करू लागला तर तो एका बाजूचा होईल आणि त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? आक्षेप वजनदार आहे, कारण अंतर राखल्याशिवाय नीट दिसत नाही. पण संजयाकडे पाहा. तो धृतराष्ट्राच्या पदरचा, आणि कौरवांचा एकही पराभव झाकत नाही, पांडवांकडच्या कपटाचीही वार्ता देतो. तरीही हा विनाश तुझ्याच दोषाने ओढवला, हे तो राजाला तोंडावर सांगतो. शिवाय तो सुरक्षित फांदीवर नव्हता; रणात सात्यकीच्या हाती सापडला, व्यासांनी सोडवलं म्हणून वाचला. वार्ता अचूक देणं आणि अधर्माला अधर्म म्हणणं, दोन्ही एकाच तोंडून होऊ शकलं.

दिगूच्या तोंडून ते होत नाही. सारं ठाऊक असलेला हा माणूस शेवटी भर रस्त्यात हसत सुटतो. लोक त्याला वेड लागलं म्हणतात. मला त्या हसण्यात विदुराने सांगितलेली चौथाई ऐकू येते.