दोनदा काट्यावर

सातपुड्यात धडगावच्या बाजूला कैऱ्या उतरवल्या की घरोघर सोलणं-चिरणं सुरू होतं. फोडी पत्र्यावर नाहीतर खडकावर पसरायच्या, वळवाचा पाऊस चुकवायचा आणि फोड पांढरी आहे तोवर पोत्यात भरायची. काळी पडली की भाव पडला. हे आमचूर वर्षानुवर्षं व्यापारी सांगेल त्या दराने जात आलं आहे. म्हणून एका बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, थोडा माल स्वतः पाकिटात भरून थेट गिऱ्हाइकाला विकू. सुरतेच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली. पुढची देखभाल गटातल्याच एका पोरीकडे आली. ती शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली आणि कामाला चोख.

वेबसाइटवर कोण येतं, काय बघतं हे कळावं म्हणून तिला गूगल ॲनालिटिक्स हवं होतं. कोडला हात लावायची धास्ती होती, म्हणून तिने टॅग मॅनेजर घेतला. २०१२ साली आलेली ही सोय अशाच लोकांच्या कामाची आहे. वेबसाइटमध्ये एकदा एक कंटेनर बसवायचा; पुढे काय नोंदवायचं तो टॅग आणि केव्हा नोंदवायचं तो ट्रिगर, हे सगळं बाहेरून ठरवता येतं. तिने व्हिडिओ बघून सगळं बसवलं, पब्लिश केलं, आणि आकडे यायला लागले.

आकडे पाहून गट हरखला. पानं उघडल्याची संख्या रोज चढत होती. शहरांच्या यादीत मुंबई सगळ्यात वर. आलेली जवळपास प्रत्येक भेट ‘रस घेऊन केलेली’ दिसत होती. मुंबईला आपलं आमचूर आवडलं म्हणायचं! बैठकीत बोलणं थेट बँकेच्या कर्जापर्यंत गेलं. जास्त कैरी घेऊ, छापील पाकिटं हजारांनी मागवू.

हिशेबाची वही ज्या मावशीकडे होती, ती तेवढी गप्प होती. तरुणपणी ती हंगामाला नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. माल काट्यावर कसा चढतो, हे तिने तिथे रोज पाहिलेलं.

“एवढी माणसं आली म्हणतेस,” ती म्हणाली, “मग फोन किती आले?”

पोरीने वही पाहिली. फोन जेमतेम चार-दोन.

“बाजारात एकच गोणी दोनदा काट्यावर चढली, तर मापाडीच्या कागदावर माल वाढतो. गोदामात वाढत नाही. आधी गोणी बघ.”

पोरीला ते लागलं. ती रात्री बसली. टॅग मॅनेजरचं प्रीव्ह्यू उघडून तिने मुखपृष्ठावर क्लिक केलं. पान एकदाच उघडलं, पण नोंदी दोन गेल्या. एक तिच्या कंटेनरमधून, दुसरी वेबसाइटच्या कोडमधून. सुरतेच्या मुलाने ॲनालिटिक्सचा तोच मापन क्रमांक आधीच तिथे चिकटवून ठेवला होता. हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. रस घेणाऱ्या भेटींचं कोडंही इथेच सुटलं. ॲनालिटिक्सच्या हिशेबाने कुणी दहा सेकंदांहून जास्त थांबलं, किंवा दोन पानं बघितली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती केली, की ती भेट रस घेऊन केलेली. इथे एका पानाची दोन पानं होत होती, त्यामुळे क्षणात परत गेलेला माणूसही रसिक ठरत होता.

मग मुंबई. तिने ‘रिअलटाइम’ अहवाल समोर ठेवला आणि आपल्याच मोबाइलवरून वेबसाइट उघडली. थोड्या वेळाने नकाशावर ठिपका उमटला, तो मुंबईवर. धडगावात बसलेली पोर मुंबईकर झाली होती. ॲनालिटिक्स गाव ओळखतं ते आयपी पत्त्यावरून, आणि मोबाइल कंपन्यांचे असे पत्ते पुष्कळदा मोठ्या शहराच्या नावावर असतात. गटातल्या बायका, त्यांची पोरं, पाहुणेरावळे दिवसभर कौतुकाने वेबसाइट उघडत होते. ती सगळी मुंबई म्हणजे आपणच होतो.

मला या पोरीचं मोठं वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. सकाळी तिने वाढलेला आकडा स्वतःच सगळ्यांसमोर खाली आणून ठेवला. बायकांचे चेहरे उतरले, पण कर्जाचा अर्ज थांबला.

“मग आता काय मोजू?” तिने मावशीला विचारलं.

“तू काय करणार आहेस ते आधी ठरव. दहा माणसं जास्त आली तर तू काय वेगळं करशील?”

तिला उत्तर सुचलं नाही.

“फोन लावायला गेलं आणि लावलाच नाही, असं कुणी असेल तर?”

“तर का लावला नाही ते शोधीन.”

“मग ते मोज.”

कोडमधला जुना तुकडा काढला. तिथे एका जाहिरात कंपनीचाही टॅग सापडला. तो कुणासाठी काय गोळा करत होता, हे गटात कुणालाच ठाऊक नव्हतं, तोही गेला. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली ज्या टेंभलीत दिलं गेलं, ती याच नंदुरबार जिल्ह्यातली. माणसाची नोंद घेणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना शिकवावं लागत नाही. वेबसाइटवर येणाऱ्याला आपण काय टिपतो ते साध्या मराठीत लिहा, असं त्यांनीच सांगितलं.

नंतर तिने दोनच ट्रिगर केले: कुणी फोन नंबरवर बोट ठेवलं तर एक, व्हॉट्सॲपच्या दुव्यावर ठेवलं तर दुसरा. आता चित्र दिसायला लागलं. लोक दराच्या पानापर्यंत येत होते आणि तिथूनच परत जात होते. का, हे काही ॲनालिटिक्स सांगत नाही. ज्यांचे फोन आले होते त्यांनाच तिने विचारलं. जवळजवळ सगळ्यांची शंका एकच: माल यंदाचा आहे का? आमचूर जुनं झालं, ओल लागली की काळवंडतं, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. दराच्या पानावर फोडींचा फोटो होता, हंगाम कुठेच नव्हता. तिने वर ठळक लिहिलं: यंदाच्या वैशाखातला माल. शिवाय, पाव किलोचं पाकीटही ठेवलं.

फोन वाढले. भरभरून नाही, पण छापील पाकिटं किती मागवायची हे आता त्या फोनांवरून ठरवता येत होतं, आणि तेवढीच मागवली.

पावसाळ्यात मावशीने नवा प्रश्न काढला. “यंदा ज्यांनी घेतलं, ते पुढच्या हंगामाला परत येतील का? ते दिसेल?”

पोरीने सेटिंग उघडलं. एकेका पाहुण्याच्या हालचालींचा तपशील फक्त दोन महिने राहील, असं तिथे आधीपासून ठरलेलं होतं. तिने ती मुदत चौदा महिने केली. एका वैशाखापासून दुसऱ्या वैशाखापर्यंत पुरेल इतकी. पण कुणी नव्या मोबाइलवरून आलं तर ते ओळखू येणार नाही, हेही तिने सांगितलं.

“मग ते माझ्या वहीत येईल,” मावशी म्हणाली आणि आलेल्या फोनांच्या पानावर तिने आणखी एक रकाना आखला: याआधी घेतलं होतं का.