पडद्याखालची फट

एका तालुक्याच्या गावी नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. आरोपी शेजारचाच, घरी येणारा-जाणारा. गुन्हा दाखल झाला त्या आठवड्यात घरी माणसांची रीघ लागली. गावचे पुढारी म्हणाले, "फाशीच होणार, मी बघतो." मामा म्हणाला, "महिन्याभरात निकाल लावून घेतो." आई सगळ्यांपुढे हात जोडत राहिली.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समितीने मुलीला एक सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात सोबत करणारी ताई, नेमून दिली. आईने तिलाही तेच विचारलं, "ताई, त्याला शिक्षा होईल ना?"

"ते न्यायाधीश ठरवतील," ताई म्हणाली. "मी दोन गोष्टी सांगते. तारखेच्या आदल्या संध्याकाळी माझा फोन येईल. आणि साक्षीच्या वेळी पोरीला तो माणूस दिसणार नाही."

"एवढ्यासाठीच आलात होय?" आई फणकारली.

कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष 30 दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असं कायदा सांगतो. इथे तारखा पडत गेल्या. पुढारी फिरकेनासे झाले, मामा विषय टाळू लागला. ताईचा फोन मात्र यायचाच. "उद्या काही होणार नाही, वकील रजेवर आहेत," एवढंच सांगायला का होईना. भेटीला आली की ती मुलीला कोर्टाची माहिती द्यायची. न्यायाधीश कुठे बसतात, वकिलांचे प्रश्न तेच कसे विचारतात, तहान लागली तर पाणी मागायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं. साक्षीत काय सांगायचं, हे तिने कधीच शिकवलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी ताई कोर्टात गेली. आरोपीला मुलीचं बोलणं ऐकू यावं, पण मुलीच्या नजरेला तो पडू नये, असं पॉक्सोचं कलम 36 सांगतं. पट्टेवाल्याने दवाखान्यात असतो तसला चाकांचा पडदा ओढून उभा केला. "झालं ना, ताई?"

ताई साक्षीदाराच्या खुर्चीत बसली आणि मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत खाली सरकली. पडद्याखाली वीतभर फट होती.

"एवढ्याशा फटीतून काय दिसतंय?"

"पाय दिसतील. चपला दिसतील."

'दारात त्याच्या चपला दिसल्या की मी माळ्यावर जाऊन बसायचे,' असं मुलगी तिला कधीतरी म्हणाली होती. ताईने कार्यालयातून टेबलावरचं जुनं कापड मागून आणलं आणि सेफ्टी पिनांनी पडद्याला जमिनीपर्यंत जोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आत आली ती आधी वाकली. पडद्याखालून काही दिसतंय का, ते तिने नीट पाहून घेतलं. मग खुर्चीवर बसली. न्यायाधीशांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. मधे दोनदा पाणी मागितलं आणि उरलेलंही सगळं सांगितलं.

निकाल लागायला अजून अवकाश होता. बाहेर आल्यावर आईने शिक्षेचं काही विचारलं नाही.

"पुढची तारीख कळवाल ना, ताई?"

"आदल्या संध्याकाळी."

बोध: दुखावलेल्या माणसाला आपल्या हातात असेल तेवढाच शब्द द्यावा, आणि तो पाळला गेला की नाही, हे त्याच्या जागी बसून पाहावं.