ऑगस्टमधला बर्फ



येत्या ५ ऑगस्टला ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगात बर्फ पडतो. बाहेर पावसाची झड, रानात सोयाबीन फुलावर, कापूस गुडघ्याला आलेला, आणि पंचांगात बर्फ! रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिराच्या अर्पणविधीचे स्मरण आपण त्या दिवशी करतो. २०२५ साली पोप फ्रान्सिस यांचे दफन तेथेच झाले, त्यामुळे हे अवघड नाव आता आपल्या मुलांच्याही कानावरून गेले आहे. या सणाचे जुने नाव मात्र निराळे होते. पवित्र मरियेला त्या दिवशी ‘हिमाची माता’ म्हणत.

कथा अशी. चौथ्या शतकात, पोप लिबेरियस यांच्या काळी, रोममध्ये जॉन नावाचा एक धनिक आणि त्याची पत्नी राहत होती. मूलबाळ नव्हते. आपली मालमत्ता पवित्र मरियेच्या कामी कशी लावावी, असे ते प्रार्थनेत विचारीत. रोमचा ऑगस्ट म्हणजे आपला मे महिनाच समजा. अशा उकाड्याच्या रात्री एस्क्विलिन टेकडीवर बर्फ पडला, आणि सकाळी जेवढी जागा पांढरी दिसली तेवढ्या जागेवर देऊळ बांधायचे ठरले.

ही कथा लेखी स्वरूपात पुष्कळ शतकांनंतर आढळते. एफेससच्या धर्मपरिषदेने ४३१ साली मरियेला देवमाता म्हणून गौरविले, त्यानंतर पोप तिसरे सिक्स्तस यांनी उभारलेले महामंदिर आज आपण पाहतो. १९६९ साली पंचांगाची सुधारणा झाली तेव्हा सणाच्या नावातून बर्फ वगळला गेला. या कथेवर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती ख्रिस्तसभा कोणावर करीत नाही. तरीही दर ५ ऑगस्टला त्या महामंदिराच्या छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात, आणि आम्हाला वाटते, कथा न मानणारे पंडितही तेवढा वेळ मान वर करून पाहत असतील.

हा बर्फ आपल्या मराठीपासून फार दूर नाही. गोव्यातील राशोल, म्हणजे रायतूर, येथील चर्च याच हिमाच्या मातेला वाहिलेले आहे. त्याच राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज, बर्फ पाहिलेला माणूस. १५७९ साली ते गोव्यात आले आणि आमच्या ओवीत रमले. ज्या गावात कधी बर्फ पडणार नाही त्या गावात हिमाच्या मातेचे चर्च असावे, यात त्यांना काही विचित्र वाटले नसावे.

मग परभणीत काय पडते? हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि वर्तमानपत्रांत आपल्या गावाचे नाव झळकते. पण बर्फ नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तेवढे भाग्यही आपले नाही. बर्फ पडायचा तर ढगापासून जमिनीपर्यंत सगळी हवा गार हवी. आपल्याला मिळतात त्या गारा, आणि त्या उन्हाच्या पोटी जन्मतात. तापलेली हवा जोराने वर चढते, पाण्याचे थेंब उंचावर नेऊन गोठवते, त्यावर थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की खाली सोडते. मोठी गार फोडून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

पत्र्यावर ताडताड सुरू झाले की काय होते हे तुम्हा-आम्हा सर्वांना माहीत आहे. पोरे डोक्यावर परात घेऊन अंगणात धावतात. आजी ‘आत या रे’ म्हणून ओरडते आणि हळूच एक गार स्वतःच्या तोंडात टाकते. दहा मिनिटे अंगण पांढरे होते. दिवे जातात, गणिताचा अभ्यास राहतो, आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही.

या दहा मिनिटांना धर्मात काही स्थान आहे का? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात पहाटे दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, हिमकणासारखे पडलेले दिसते. लोक एकमेकांना विचारतात, हे काय? त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना हे नाव पडले. कोणी पेरले नव्हते, कोणी राखले नव्हते. ऊन चढले की ते वितळे. कोणी उद्यासाठी ठेवले तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, म्हणजे सातव्या दिवशी कोणालाही वेचायला जावे लागू नये. न कमावता मिळालेल्याला आपण कृपा म्हणतो. कृपा साठवता येत नाही, पडली तेव्हाच ओंजळ पुढे करावी लागते.

संत थॉमस अक्विनास यांनी तर खेळकरपणाची गणना सद्गुणांत केली आहे. शरीर थकते तसे मनही थकते, असे ते सांगतात आणि जुन्या तपस्व्यांची एक गोष्ट देतात. संत योहान शिष्यांबरोबर खेळत होते. पाहणाऱ्यांना ते खटकले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहान म्हणाले, बाण सोड. त्याने बरेच सोडले. असेच सोडत राहशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. योहानांनी मनाचेही तसेच असते म्हणून सांगितले. थॉमस यांच्या लेखी तर स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या हसण्याला अडथळा करणारा माणूस दोषी ठरतो. आपल्या धर्मग्रामात असे कोणी नाही, अशी आम्ही आशा करतो.

२६ फेब्रुवारी २०१८ रोजी रोममध्ये सहा वर्षांनी बर्फ पडला. शाळा बंद. उपवासकाळातला सोमवार होता, आणि संत पेत्राच्या चौकात झगे घातलेले धर्मगुरू व सेमिनारीचे विद्यार्थी एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकीत होते. ती छायाचित्रे जगभर गेली. आम्हाला त्यात उपवासाचा भंग दिसला नाही.

पण बंधुभगिनींनो, त्याच महिन्याच्या ११ तारखेला, रविवारी, आपल्याकडे मराठवाड्यातही गारा पडल्या होत्या. जालना-बीडकडची उभी पिके आडवी झाली. आणि २०१४ चा फेब्रुवारी-मार्च कोण विसरेल? राखेच्या बुधवारच्या आगेमागे गारपीट होत राहिली. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, आंब्याचा मोहर, डाळिंबाच्या बागा, झाडाखाली मेलेली पाखरे. अंगणात पोरगा ओंजळभर गारा दाखवीत असतो आणि दारात बाप शेताच्या दिशेने बघत उभा असतो. दोघेही खरे आहेत. पोराला गप्प बसवून बापाचे दुःख कमी होत नाही, आणि बापाला ‘देवाची इच्छा’ म्हणून समजावणे आम्हाला जमत नाही.

निर्गमाच्या नवव्या अध्यायात गारांची पीडा आहे. तेथे लेखकाने शेतकऱ्याच्या नजरेने नोंद केली आहे: सातू ओंबीवर आला होता, जवस फुलावर होता, म्हणून ती पिके झोडपली गेली, गहू आणि खपल्या मागास होते, ते वाचले. त्याआधीचे वाक्य आपण भरभर वाचून जातो. गारांचा इशारा मिळाल्यावर फारोच्या सेवकांपैकी ज्यांनी तो मनावर घेतला त्यांनी आपले चाकर आणि गुरे छपराखाली घेतली.

अचानक मिळालेली सुटी सर्वांना सारखी नसते. अतिवृष्टीमुळे शाळा बंद झाली की मास्तरांचा पगार बुडत नाही, आमचाही बुडत नाही. सोंगणीला गेलेल्या बाईचा रोज बुडतो. तिच्या लेकराची शाळेतली खिचडीही बुडते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा नीट वाचा. विश्रांती मालकासाठी आहेच, पण दास, दासी, परका माणूस, बैल आणि गाढव यांची नावे घेऊन सांगितली आहे. आपले शेतकरी पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत आणि तरी वैरण पुरणपोळीसकट देतात. खाडा धरून वैरण कापल्याचे कोणी ऐकले आहे का? मग पावसाने काम थांबले तर सालगड्याचा, धुणेभांडी करणाऱ्या मावशीचा खाडा का धरावा? आणि वीज कडाडू लागली की रानातल्या बायांना झाडाखाली उभे न करता घरात घ्या. ‘एवढी पात उरकून जा’ म्हणू नका. मराठवाड्यात दरवर्षी माणसे विजेने जातात.

५ ऑगस्टच्या मिस्सेला मुलांनी तगर, जाई-जुई अशी घरची पांढरी फुले आणावीत, विकत आणू नयेत. गौरवगीताच्या वेळी गायकवृंदाच्या गच्चीवरून पाकळ्या सोडायच्या आहेत. मोठ्यांनी मान वर करायला हरकत नाही. आपले चर्च झाडणाऱ्या मावशींना त्या दिवशी भरपगारी सुटी आहे. झाडू चारच आहेत. एक आम्ही घेतो, तीन हात हवेत.